नाटकातलं रडणं

आई,

तुझ्या पणतीला नाटकात घेतलंय. हॅनोव्हरच्या मोठ्या थिएटरात नाताळच्या आधी मुलांसाठी परीकथेचं एक नाटक होतं दर वर्षी, त्यात. जंगलात हरवलेली मुलगी व्हायचंय तिला. नऊ वर्षांची आहे, पुढचा एक दात अजून अर्धाच आलाय, केस सदा डोळ्यांवर, आणि ढीगभर गोऱ्या पोरांतून त्यांनी नेमकी हीच उचलली. तू असतीस तर काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक आहे. कपाळावर हात मारून म्हणाली असतीस, "आता गं बया! पुन्हा?"

पुन्हाच. आणि तिची आई, म्हणजे माझी लेक, सही करायला तयार नाही. इथे लहान पोराला रंगमंचावर उभं करायचं तर युगेंडाम्टची, म्हणजे मुलांची काळजी वाहणाऱ्या सरकारी कचेरीची, परवानगी लागते. शाळेला विचारतात, डॉक्टरला विचारतात, आणि आईबापाची सही घेतात. शाळा हो म्हणाली, डॉक्टर हो म्हणाला, जावई हो म्हणाला. तो बिचारा कशालाही हो म्हणतो. अडलंय ते माझ्या लेकीपाशी आणि लेक अडलीय माझ्यापाशी. रविवारी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून तिने मला ऐकवलं. मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आमचं हे असंच चालत आलंय. "आई, तुझं बालपण नाटकवाल्यांनी आणि चित्रवाल्यांनी खाल्लं. तुला कुणी विचारलं होतं का? माझ्या मुलीचं मी तसं होऊ देणार नाही." मी म्हटलं, "अगं, पण बालपण खाल्लं असं मी कधी म्हटलं?" तर म्हणते, "तू कधीच काही म्हणत नाहीस. गेनाऊ, अगदी बरोबर. तेच तर सांगतेय मी." मग पर्स उचलली, दारापाशी गेली, परत आली. "तूच सांग. पोराचं काय होतं ते तुला ठाऊक आहे, मला नाही. तू म्हणालीस चांगलं आहे, तर मी सही करते. नाही म्हणालीस तर विषय संपला. शुक्रवारी संध्याकाळी फोन करते."

आज शुक्रवार. सकाळपासून मी चहा करतेय आणि गार करून मोरीत ओततेय. कपाट आवरायला काढलं, अर्ध्यात सोडलं, आता पलंगभर साड्या पसरल्यात आणि बसायला जागा नाही म्हणून टेबलापाशी येऊन हे लिहितेय. बाहेर बीटाच्या शेतात ट्रॅक्टर घरघरतोय. आपल्याकडे ऊस तसं इथे बीट, साखर शेवटी तीच. त्या ट्रॅक्टरवर सुद्धा मी आज चिडले. नऊ वर्षांच्या पोरीचा एवढा मोठा आनंद माझ्या जिभेच्या टोकावर ठेवून लेक खुशाल दवाखान्यात पोरांचे दात बघत बसलीय. अगं, मला विचारून काय होणार? विचारायचं तर तुला विचारायला हवं. मला नाटकात तू घातलंस आणि काढलंसही तूच. का घातलंस ते मला माहीत आहे. का काढलंस ते तू कधी बोलली नाहीस, आणि मी विचारलं नाही.

घातलंस ते गालगुंडांमुळे. शेजारचे पेटीवाले काका नाटक कंपनीत होते. त्यांच्या नाटकात बाळराजे करणाऱ्या पोराचे दोन्ही गाल फुगले आणि ऐन जत्रेच्या तोंडावर कंपनी अडली. काका आपल्या दारात उभे. "वहिनी, पोरगी धीट आहे. चार दिवस द्या. केस कापून मुंडासं बांधलं की कोण ओळखतंय?" तू बाबांकडे बघितलंस, बाबा लेथवरून नुकते आले होते, हाताला ग्रीस तसंच. ते हसले आणि म्हणाले, "जाऊ दे की. घरात तरी कुठं गप्प बसती." चार दिवसांची चार वर्षं झाली. पोराचे गाल उतरले तरी बाळराजे मीच राहिले, कारण मी रडायचे. बाळराजांना वनात धाडतात आणि ते राणीआईच्या पदराला धरून रडतात, असा प्रवेश होता. तालमीत मला काही केल्या रडू येईना. तालीममास्तर म्हणाले, डोळ्यांत जरा कांदा पिळू. तू विंगेतून ताडकन उठलीस. "माझ्या पोरीचे डोळे रस्त्यावर पडलेत का?" मास्तर गप्प. त्या कंपनीत मास्तरांना गप्प करणारी तू एकटीच.

मग मला माझी युक्ती सापडली. तू विंगेत कपड्यांच्या पेटाऱ्यावर बसायचीस, मांडीवर टॉवेल, शेजारी पाण्याचा तांब्या, तोंडात धरायला मला खडीसाखर. राणीआईचा पदर धरला की मी तुझ्याकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, आता हा पेटारा रिकामा आहे. बस्, एवढंच. घळाघळा पाणी. पुढच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या, राणीआईचं काम करणाऱ्या बाईंना वाटायचं त्यांच्या अभिनयाने झालं. एकदा घरी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढता काढता तू मला झापलंस. "रडताना माझ्याकडं काय बघतीस? लोकांना वाटेल मी विंगेतनं चिमटे काढतीय!" बाबा केवढे हसले होते. त्यानंतर मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायला शिकले. पेटाऱ्याचं मात्र तुला सांगितलं नाही, सांगण्यासारखं ते काही वाटलंच नाही.

आणि मजाही यायची गं. हे लेकीला कसं सांगू? मंडईत भाजीवाल्या म्हणायच्या, "रड की गं बाळराजे जरा," आणि मी तिथल्या तिथे, कोथिंबिरीच्या जुड्यांत उभी राहून, ओठ काढून रडून दाखवायचे. मग पेरू मिळायचा. तू दंडाला धरून ओढत न्यायचीस, पण जिना चढताना तुझं पोट हसण्याने हलताना मी पाहिलंय.

पंधरा दिवसांपूर्वी गाडीत नेमकं तेच झालं. निवड झाल्यावर आम्ही तिघी परत येत होतो. तिकडे आत स्टेजवर पोरगी अशी रडली होती की दिग्दर्शिका बाई उठून उभी राहिली, मीसुद्धा खुर्चीचा हात घट्ट धरला होता. येताना गाडीत पोरीने चॉकलेट मागितलं, लेक नाही म्हणाली. झालं! मागच्या सीटवर हुंदके. खरे हुंदके, खांदे उडताहेत, नाक वाहतंय. लेक गाडी बाजूला घेणार इतक्यात कार्टी खुदकन हसली. "फसलीस!" मला हसू आलं, तुझंच हसू, पोटातलं. लेकीला नाही आलं. स्टिअरिंगवर हात तसेच ठेवून ती हळूच म्हणाली, "हिचं खरं रडणं कुठलं तेच मला कळेनासं झालंय. दिवसभर माझ्या खुर्चीत पोरं रडतात, कोण खरं कोण खोटं ते मला दारातून कळतं. माझ्याच पोरीचं कळत नाही." मी खिडकीबाहेर बघत राहिले. मागे ती बया रॅपर फाडत होती, कारण तेवढ्यात आजीने पर्समधून काढून चॉकलेट दिलंच होतं.

तुलाही असंच कळेनासं झालं होतं ना? बाबांना कावीळ झाली. कुणी पानाचं औषध सांगितलं, कुणी उसाचा रस, आणि दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. त्यांना घरी आणलं त्या दिवशी आपली खोली बायकांनी भरली होती. मी रडले. मला दुसरं रडणं येतच नव्हतं, मोठ्याने, तोंड वर करून, शब्द स्पष्ट, कारण मागच्या रांगेपर्यंत पोचायला हवं असं मास्तरांनी शिकवलेलं. "बाबा, मला टाकून जाऊ नका." कोपऱ्यातल्या कुणीतरी म्हटलं, "अगदी नाटकातल्यासारखी रडती हो पोर. काळीज हलतं." दुसरी म्हणाली, "बाळराजेच ते." आणि एकीने तर आपल्या पोराला पुढे सरकवलं, माझं रडणं दिसावं म्हणून. तू बाबांच्या उशाशी होतीस. तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस, आणि त्या बघण्यात जे होतं ते मी आजवर कुणाच्या डोळ्यांत पाहिलेलं नाही. तू जणू तिकीट काढून आत आली होतीस.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. दुपारची वेळ होती, तू चुलीपुढे बसून भाकरी थापत होतीस आणि मी उंबऱ्यात. बाबांचा डबा फळीवर पालथा ठेवलेला मला दिसला आणि मला परत रडू आलं. या वेळी आवाज नव्हता, नुसतं पाणी. तू वळलीस. पिठाचा हात तसाच हवेत. अगदी साध्या आवाजात, आमटीत मीठ पडलंय का विचारावं तसं, तू विचारलंस, "खरं रडतीस का नाटकातलं?"

मी म्हणाले, "नाटकातलं."

तू म्हणालीस, "बरं." आणि भाकरी उलटलीस.

पुढच्या महिन्यात काका आले, सांगलीचा प्रयोग लागलाय म्हणून, तर तू त्यांना दारातूनच परतवलंस. "पोर येणार नाही." काकांनी हात जोडले, मास्तरांना घेऊन आले, राणीआईच्या बाई स्वतः पेढे घेऊन आल्या. तुझं एकच, "पोर येणार नाही." मी मोरीत बसून सगळं ऐकत होते. मला वाटलं, ओरडावं. ज्या एका ठिकाणी मला मनासारखं रडता येत होतं ते तू बंद केलंस, आणि त्याऐवजी काय दिलंस? लाकडी लाल मुठींची उड्या मारायची दोरी. "आता खेळ," म्हणालीस. मी खाली गेले, उड्या मारल्या, आणि दर चार उड्यांनी थांबून बघत होते की कोण बघतंय.

त्या दोरीनेच पुढचं सगळं केलं. गल्लीच्या तोंडाला चित्रकार मास्तर राहायचे. त्यांनी मला उड्या मारताना पाहिलं आणि चित्रासाठी मागितलं. मला वाटलं तू त्यांनाही हाकलशील. तू त्यांना एवढंच विचारलंस, "तिथं रडायबिडायचं नाही ना?" ते म्हणाले, "छे हो. नुसतं उभं राहायचं. हलायचं सुद्धा नाही." तू तयार! मग सुट्टीच्या दिवशी त्यांच्या माडीवर मी दोरी डोक्यावर धरून उभी, आणि तू कोपऱ्यात सुपात तांदूळ निवडत. हात दुखू नयेत म्हणून आढ्यावरून सुतळ्या सोडून मनगटं त्यात अडकवलेली, पाय हलू नयेत म्हणून पावलांभोवती खडूची रेघ. विश्रांती झाली की त्याच रेघेत पाय ठेवायचे. ते म्हणायचे, "चेहऱ्यावर काही आणू नकोस बाळ. काहीच नको." आणि मला ते जमलं, आई. फार चांगलं जमलं. नाकावर माशी बसली तरी मी हलत नसे. मास्तर तुला म्हणाले, अशी मॉडेल मुंबईच्या कला-शाळेतसुद्धा नाही. तू तांदळातला खडा बाजूला टाकत म्हणालीस, "गप्प बसायला शिकली हे बरं झालं." तुझ्या आवाजात समाधान होतं. त्या समाधानासाठी मी आणखी कितीतरी चित्रांत उभी राहिले.

ते दोरीचं चित्र फाउंड्रीच्या मालकांनी घेऊन ऑफिसात लावलं, आणि पुढे शिकून मी त्याच ऑफिसात टायपिंगला लागले. चित्र वरच्या मजल्यावर, मी खालच्या. भट्टीचं यंत्र बसवायला जर्मनीहून उंच, लाजरा इंजिनिअर आला. महिनाभर चित्राकडे बघून त्याने मालकांना विचारलं, ही मुलगी कोण? मालक म्हणाले, खाली बसलीय, चहा घेऊन येईल. त्याच्या घरी सगळी माणसं भिंतींवर चौकटीत उभी असायची, त्यामुळे चौकटीतल्या बाईवर जीव जडणं त्याला काही विशेष वाटलं नसावं. त्याने मागणी घातली तेव्हाची तुझी उलटतपासणी मला पाठ आहे. "बॅरन म्हणजे काय गं?" मी म्हटलं, "पूर्वीचे सरदार." "आणि आत्ताचे?" "आता यंत्रं बसवतात." "मग ठीक आहे. नुसता सरदार असता तर नको म्हटलं असतं."

सरदारकी आता नावापुरतीच, कायद्याने ती नुसती आडनावात शिल्लक. तरी गावातली खाटकीण अजून मला 'फ्राउ बारोनिन' म्हणून वाकते. घर म्हणशील तर बावीस खिडक्या आणि पावसात सगळ्या गळक्या. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! आणि त्यात तू तो फोटो पाठवलास. सासूबाईंनी सुनेच्या माहेरचा फोटो मागितला, तर तुझ्याकडे स्टुडिओतला चांगला फोटो एकच, बाळराजांचा. तुरा, मोत्यांच्या माळा, कमरेला तलवार. तू तोच धाडलास. सासूबाईंनी चौकट करून पूर्वजांच्या रांगेत लावला, आणि जेवणाच्या टेबलावर मला अदबीने विचारलं, "आणि तुमचे धाकटे बंधू, राजेसाहेब, ते हल्ली काय करतात?" मी तुला ट्रंककॉल लावला, आई, आता काय सांगू? तू एवढी हसलीस की इथे तिघांनी फोन कानाला लावून पाहिला. मग म्हणालीस, "सांग, गादी गेली म्हणावं. त्यांची तरी कुठं राहिलीय!" मी तसंच सांगितलं. सासूबाईंनी माझा हात हातात घेतला. त्या दिवसापासून आम्ही दोघी समदुःखी.

पण त्या घरात मी टिकले ते राजघराण्यामुळे नव्हे. टिकले त्या खडूच्या रेघेमुळे. या लोकांत एक शब्द आहे, हाल्टुंग. म्हणजे काहीही होवो, पाठ ताठ आणि चेहरा जागच्या जागी. पोरगं पडलं, हाल्टुंग. शेत विकलं, हाल्टुंग. सासूबाई मला सगळ्यांपुढे म्हणायच्या, ही आमच्यात जन्मली नाही एवढंच. तू गेलीस तेव्हा मी तिकीट मिळवून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. बायका दारात माझ्या रडण्याची वाट बघत थांबल्या होत्या, मी चपला काढल्या आणि पाणी प्यायले. "परदेशात राहून दगड झाली," असं कुणी म्हटलेलं ऐकलं. परदेशाचा काय दोष?

दोन वर्षांपूर्वी हे गेले. चर्चमध्ये पहिल्या बाकावर मी, लेक, नात. यांची आत्या, नव्वदीची, माझ्या कानात म्हणाली, "काय हाल्टुंग! खरी फ्राइफ्राउ." म्हणजे खरी सरदारीण. मला मेडल मिळाल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू. माझी लेक माझ्याकडे बघत होती आणि तिने पाठ ताठ केली. नात तिच्याकडे बघत होती आणि तिनेही केली. सात वर्षांचं पोर ते. आजोबांच्या, तिच्या ओपाच्या, मांडीवर बसून जे सायकलची चेन बसवायला शिकलं ते पोर, हात मांडीवर, ओठ मिटलेले. मी तेव्हा मनात म्हटलं, शहाणी गं माझी बाय.

काल मी तिला शाळेतून आणायला गेले. ट्राम यायची होती, आम्ही थांब्यावर भाजलेले चेस्टनट खात उभ्या. तिने विचारलं, "आजी, मामा हो म्हणेल का?" तिच्या आईला ती मामा म्हणते, इथली रीतच ती. मी म्हटलं, "बघू. पण मला एक सांग, तुला स्टेजवर रडू येतं कसं?" मला वाटलं सांगेल, डोळे मिटत नाही, श्वास धरते, असलं काहीतरी. ती साल काढत जर्मनमध्ये म्हणाली, "ओपाचा विचार करते. दुसरं काय?"

"आणि गाडीत? चॉकलेटसाठी?"

"ते खोटं होतं. ते सोपं असतं. स्टेजवरचं खरं." मग माझ्याकडे न बघता, "आल्झो, म्हणजे घरी नाही ना रडता येत. घरी तू रडत नाहीस, मामा रडत नाही. मी रडले तर तुम्ही दोघी असं तोंड करता." आणि तिने ते तोंड करून दाखवलं. आई, हुबेहूब! माझं तोंड, माझ्या लेकीचं तोंड, आणि त्याच्या मागे चुलीपुढे पिठाचा हात हवेत धरलेलं तुझं. ट्राम आली. ती उडी मारून चढली, मी चेस्टनटची पिशवी हातात घेऊन खालीच राहणार होते, ड्रायव्हरने घंटा वाजवली तेव्हा भानावर आले.

फोन येऊन गेला, आत्ताच. मी तिला म्हटलं, "सही कर." ती म्हणाली, "नक्की? तू विचार केलास?" मी म्हटलं, "पोरीला तिथे आजोबांसाठी रडता येतं. आपण इथे रडू देत नाही, निदान तिथे तरी रडू दे." पलीकडे दवाखान्यातलं यंत्र घूं घूं करत होतं. मग लेक म्हणाली, "आणि मी चुकले तर? ती खरं रडत असली आणि मला वाटलं नाटक आहे तर?" मी म्हटलं, "विचारू नकोस तिला. खरं का खोटं ते कधीच विचारू नकोस. नुसती जाऊन शेजारी बस." "आणि खोटं निघालं तर?" "तर थोडा वेळ फुकट बसलीस. त्यात काय बिघडलं?" ती हसली, नाक ओढलं, म्हणाली, "हो. ठीक आहे." आणि ठेवला.

मला वाटलं होतं फोन झाला की मोकळं वाटेल. कुठलं काय! या खोलीतून त्या खोलीत फिरतेय. साड्या घडी करायला घेतल्या, दोन केल्या, सोडल्या. लेकीला मी ऐटीत सांगितलं, पण ते सगळं मला तुला सांगायचं होतं, आणि तुला सांगायला मला फार उशीर झालाय. हे पत्र टाकायचं तरी कुठल्या पेटीत? तू तुझ्या परीने मला वाचवायला निघाली होतीस हे मला आज कळतंय. पोरीचं रडणं खोटं होत चाललंय, स्वतःच्या बापासाठीसुद्धा हिला खरं रडू येईना, या भीतीने तू मला तिथून काढलंस. आणि ती भीती घेऊन तू गेलीस. इतकी वर्षं तुझ्या मनात असणार, माझी पोर तिच्या बापाला खरं रडली नाही.

रडले होते गं. उंबऱ्यातलं ते खरंच होतं. पण तू वळलीस तेव्हा तुझं तोंड बघितलं, आई, आणि मला वाटलं, हिला आता सांभाळायला अजून एक नको. म्हणून 'नाटकातलं' म्हणाले.